घरचं मत

आमच्या घरात घरच्या माणसाला मत मागायची पद्धत नव्हती. गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर जायचं, हात जोडायचे, ज्यांच्याशी बांधावरून दहा वर्षं बोलणं नाही त्यांच्या ओटीवर बसून कोरा चहा प्यायचा, पण आपल्याच चुलीपाशी बसलेल्या बाईला ‘मला मत दे’ म्हणायचं नाही. घरच्याला मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. लग्नाचं आमंत्रण करायला निघालेला माणूस आपल्याच माजघरात जाऊन अक्षता देतो का, असं आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, विचारायचे. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. मलाही ते पटलं होतं.

हे सगळं आत्ता लिहायला बसण्याचं कारण एक निरोप आहे, पण त्याच्याकडे मी शेवटी येते. नाहीतर मी हे लिहिणं आणखी दहा वर्षं ढकललं असतं. ढकलण्यात मी पटाईत आहे.

आमचं गाव कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर, डोंगराच्या पायाशी. आता तिथे फार्महाऊसं झाली आहेत आणि शनिवारी-रविवारी गाड्यांमुळे म्हशींना रस्ता मिळत नाही. तेव्हा भात निघालं की खाचरांत वाल टोचायचे आणि थंडीभर गाव त्या वालांवर जगायचं. अण्णा ग्रामपंचायतीत दोनदा निवडून आले होते. तिसऱ्या खेपेला आमच्या वॉर्डाची जागा बाईसाठी राखीव झाली. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत नीट, मग तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, “अगं, अर्ज भरायचाय. तू सही कर, बाकी मी बगतो.” आई तेव्हा म्हशीचं शेण काढत होती. तिनं हात न धुताच विचारलं, “आणि निवडून आले, तर तिथं खुर्चीत पन तुमीच बसनार का?” अण्णांना राग आला, पण अर्ज भरायचा होता, म्हणून ते हसले. आईला निशाणी मिळाली कपबशी. समोर वरच्या आळीची सुलोचना, शिलाई मशीन. ती खरोखरच शिवणकाम करायची, त्यामुळे गावातल्या निम्म्या बायकांचं माप तिच्याकडे होतं.

घरात मतं सहा, आणि अण्णांनी सहाही माणसांना कामाला लावलं. ते स्वतः आणि माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, पुरुषांत फिरायचे. आई आणि कुंदा वहिनी बायकांत. मला लिहितावाचता येतं, कॉलेजला जाते, म्हणून मतदारयादी माझ्याकडे. लाल पेन्सिल, पाठीला पुठ्ठा, कोण आपलं, कोण त्यांचं, कोण कुंपणावर, सगळं माझ्या अक्षरात. आणि काकीकडे चूल.

काकी म्हणजे शांताकाकी, अण्णांच्या धाकट्या भावाची बायको. काका मी पाच वर्षांची असतानाच गेले. मूलबाळ नव्हतं. भावानं माहेरी बोलावलं तर ती गेली नाही, म्हणाली, मी इथलीच. दिसायला किडकिडीत, पण भाकरी थापायला बसली की परातीवर तिच्या हाताचा असा ठेका धरायचा की ओटीवर झोपलेल्या माणसाला कळावं, आज माणसं जास्त आहेत की कमी. अण्णांसमोर ती पदर पुढे ओढून उभी राहायची आणि जे सांगायचं ते माझ्या किंवा आईच्या तोंडून सांगायची. “सुमे, सांग त्यान्ला, पान वाढलंय.” अण्णा दोन हातांवर बसलेले असायचे, त्यांनी ते ऐकलेलंही असायचं, तरी मी सांगायचं. मला त्याची गंमत वाटायची.

प्रचाराच्या त्या पंधरवड्यात आमच्या घरी रोज पंचवीस-तीस पानं उठायची. वालाचं बिरडं ज्यानं केलंय त्यालाच माहीत ते काय प्रकरण असतं. आदल्या दिवशी भिजवायचे, रात्रभर फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा अंगठ्यानं दाबायचा, तेव्हा कुठे साल सुटून डाळिंबी बाहेर येते. काकी पहाटेपासून सोलत बसायची. तिच्या नखांची टोकं पांढरी फटक पडली होती. माणसं ओरपून खायची, भाकरी मागून घ्यायची, हात धुता धुता म्हणायची, “वैनी, जेवन एक नंबर. सीट आलीच म्हनून समजा.” हे आईला म्हणायची. उमेदवार आई होती ना.

संक्रांत प्रचारातच आली. अण्णांनी डोकं लढवलं आणि आमच्या अंगणात हळदीकुंकू ठेवलं. वाण म्हणून चहाच्या गाळण्या, कारण निशाणी कपबशी! अण्णा आपल्याच या कल्पनेवर इतके खूश होते की कर्जतच्या दुकानातून गाळण्या आणताना त्यांनी त्या पिशवीत न ठेवता मुद्दाम हातात धरून आणल्या. वॉर्डातल्या झाडून सगळ्या बायका आल्या. आई प्रत्येकीला कुंकू लावायची, तिळगूळ द्यायची, गाळणी द्यायची आणि म्हणायची, “माज्यावर ध्यान ठेवा गं.” काकी आत होती. ती बाहेर येणार नव्हतीच, विधवा बाई हळदीकुंकवात कशी येईल? तिळगूळ तिनंच वळला होता, गुळाच्या पाकानं तिचा हात भाजला होता, तो ती मधून मधून गार पाण्यात बुडवत होती. कार्यक्रम संपल्यावर दोन गाळण्या उरल्या. वहिनीनं त्या काकीच्याच चुलीपाशी खिळ्याला अडकवल्या. त्यातली एक उचलून काकीच्या हातात द्यावी, असं आमच्यातल्या एकीलाही सुचलं नाही. मलाही नाही.

दोन दिवसांनी दुपारी मी यादी घेऊन घरी आले तर मागच्या पडवीत काकीसमोर सुलोचना बसलेली. आमच्या घरात, आमच्या वाटेनं नव्हे तर परसातल्या केळींमधून आलेली! आणि काय करत होती, तर वाल सोलत होती. टोपलीत हात घालून, आमचेच वाल. मला बघून ती उठली, पण गडबडली नाही. जाता जाता काकीपुढे वाकून म्हणाली, “काकी, नाय दिलंत तरी राग नाय. पन मागायचं माजं काम हाय.” ती केळींतून पलीकडे जाताना दादानं गोठ्याच्या दारातून तिला पाहिलं.

“काय म्हणत होती गं?” मी विचारलं.

“मत मागत व्हती.”

“मग तू काय म्हणालीस?”

काकीनं हातातला दाणा दाबला, साल बाजूला टाकली. “मी काय म्हननार? मला म्हायतीच नव्हतं बाय, माज्याकडं बी कायतरी मागन्यासारखं हाय.”

मी हसले. आज ते हसू आठवलं की अंगाला चटका बसतो. मी हसले आणि तिथेच तिच्याशेजारी बसून यादीत खुणा करू लागले. आमच्या घराची सहा नावं एकाखाली एक होती. त्यांच्यासमोर मी आधीच कंस करून एकच शब्द लिहिला होता : घर.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला शाळेबाहेर चुन्याची रेघ आखली होती, तिच्या अलीकडे आमचं टेबल. आलेल्या माणसाचं नाव शोधायचं, चिठ्ठी फाडून द्यायची, मत देऊन आला की लाल टिक करायची, दुपारनंतर टिक नसलेल्यांच्या घरी माणूस धाडायचा. सुरुवात शुभ व्हावी म्हणून मी पहिल्यांदा आमच्याच सहा नावांवर टिका मारून टाकल्या. माणसं मत देवोत न देवोत, घरचीच तर होती! माझं नाव सहावं. त्यावरही टिक. माझं पहिलंच मत होतं ते. मला त्याची फार हौस होती, वहिनीची अबोली रंगाची साडी मी त्यासाठी मागून नेसले होते. पण गर्दी होती, म्हटलं जरा कमी झाली की जाऊ. गर्दी कमी झाली की मी कोणाच्या तरी घरी धावत होते. पलीकडच्या टेबलावर सुलोचनाचा नवरा हाच खेळ खेळत होता, आणि दोन्ही टेबलांवर एकेका मताचा हिशेब चालला होता. दुपारपर्यंत मला कळून चुकलं की हे फार अटीतटीचं आहे. अण्णा तीनदा येऊन यादी बघून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी नुसती मान हलवली.

साडेचारला मी पाणी प्यायला घरी गेले. काकी चुलीपुढे होती. रात्रीच्या पंगतीचं बिरडं मोठ्या टोपात शिजत होतं, आणि ती कालथ्यानं ढवळत होती. तिनं मला तांब्या दिला, तेव्हा माझी नजर तिच्या डाव्या हाताच्या बोटावर गेली. बोट कोरं होतं.

“काकी, तू गेली नाहीस मत द्यायला?”

“नाय.”

“अगं, साडेचार वाजले! साडेपाचला बंद होतंय!”

“मला कुनी सांगितलंय?” ती शांतपणे म्हणाली. “कपबशीला दे, म्हनून एक तरी मानूस माज्याकडं आला? पंधरा दिस मी हितंच हाय. कुटं गेली नव्हती.”

मी तिचा हात ओढला, ती उठली नाही. मी अनवाणीच धावत सुटले. अण्णा पारापाशी चार माणसांत उभे होते. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तर त्यांचा चेहरा लाल झाला. “म्हंजे आता घरच्या बाईच्या पाया पडू काय मी? सांग तिला, गप उठ आनि जाऊन ये म्हनावं.” मी म्हणाले, “अण्णा, तुम्ही एकदा शब्द टाका ना.” ते म्हणाले, “सगळं गाव बगतंय, सुमे. पुढारी आपल्याच घरात मत मागाय लागला, तर भायेर कोन देनार?” आणि ते त्या चार माणसांत परत जाऊन हसून बोलायला लागले. त्यांचा मानीपणा मला तेव्हा आवडायचा, हे खोटं कशाला बोलू? त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची चीड आली.

आई शाळेसमोरच्या चिंचेखाली बायकांत बसली होती. तिला मी कानात सांगितलं. ती उठली आणि चालू लागली. इतकी भरभर चालताना मी आईला कधी पाहिलं नव्हतं. घरात आली, चुलीपाशी काकीसमोर खाली बसली. दोघींच्या मध्ये राखेचा ढीग होता. आईनं हात जोडले नाहीत, आमच्यात मोठी जाऊ धाकटीला हात जोडत नाही. तिनं काकीचा तो पाकानं भाजलेला हात आपल्या हातात घेतला.

“शांते,” आई म्हणाली, “मला मत दे गं. मी मागाय आले.”

काकीचे डोळे भरले. तिनं ते पदरानं पुसले, नाक पुसलं आणि म्हणाली, “ताई, येवडंच पायजे व्हतं.” ती लगेच उठली. उठता उठता तिनं कालथा माझ्या हातात दिला. “सुमे, वाल बग. खाली लागू देऊ नको, तीस मानूस जेवायचं हाय.” दोघी जावा घाईघाईनं बाहेर पडल्या. खिडकीतून मला त्या दिसत होत्या. आई पुढे, काकी मागे, आणि घरातून बाहेर पडताना नेहमी पुढे ओढलेला काकीचा पदर त्या दिवशी खांद्यावर होता.

मी वाल ढवळत राहिले. मला इतका आनंद झाला होता की मी एकटीच हसत होते. मध्येच वाटलं, अजून थोडं पाणी घालावं, घातलं, मग ते आटेपर्यंत थांबले. बिरडं उतरवून, निखारे ओढून मी शाळेकडे निघाले, ते टेबलावरची यादी आवरायला. फाटकाशी पोचले तर पोलीस साखळी लावत होता. आत ओळीत सात-आठ माणसं होती, त्यांना चिठ्ठ्या वाटल्या होत्या. मी म्हणाले, “मला जाऊ दे, माझं मत राहिलंय.” तो म्हणाला, “ताई, वाजले साडेपाच.” फाटकाच्या आत काकी मत देऊन परत येत होती. तिनं मला तिथे उभी पाहिलं. मला वाटलं, तिनं नुसतं पाहिलं.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? की यादी ज्या बाईच्या हातात होती तिनंच मत दिलं नाही, वर स्वतःच्या नावावर टिक मारली? घरी जाऊन मी डाव्या बोटाला चिंधी बांधली. वहिनीनं विचारलं तर म्हणाले, विळीवर कापलं. एका मतानं काय होतंय, असं मी मनाशी म्हणत होते. पंधरा दिवस दारोदार फिरून मी लोकांना याच्या नेमकं उलट सांगितलं होतं.

मोजणी दुसऱ्या दिवशी कर्जतला. अण्णा, दादा आणि वीसेक माणसं टेंपोतून गेली, बरोबर गुलालाचं पोतं. आम्ही बायका ओटीवर बसून होतो. आई तांदूळ निवडत होती आणि निवडलेलेच पुन्हा निवडत होती. दुपारी टेंपोचा आवाज आला, पण हॉर्न नाही, घोषणा नाहीत. टेंपो दारात थांबला. दादा उतरला, त्याच्या खांद्यावर ते पोतं होतं, तोंड शिवलेलं तसंच. “एका मतानं,” तो म्हणाला, आणि पोतं त्यानं इतक्या जोरात खाली टाकलं की शिवण उसवून गुलालाचा एक लोट अंगणात उडाला.

मी खांबाला धरून उभी राहिले. माझं मत असतं तर बरोबरी झाली असती, मग चिठ्ठी टाकली असती, चिठ्ठीत कदाचित हरलोही असतो, हा सगळा विचार मी नंतरच्या वर्षांत हजारदा केला आहे. त्या क्षणी मला एवढंच कळलं होतं की ते मत माझं आहे.

अण्णांनी बाहेरच्या माणसांना पाणी दिलं, चहा दिला, हात जोडून निरोप दिला. मग त्यांनी पुढचं दार लावलं. भर दिवसा आमचं पुढचं दार लावलेलं मी तेव्हाच पाहिलं. देव्हाऱ्यात एक नारळ ठेवलेला होता. प्रचाराच्या पहिल्या दिवशी देवापुढे ठेवलेला, निवडून आल्यावर फोडायचा. तो त्यांनी खाली काढला आणि माजघरात पाटावर ठेवला.

“दादा म्हनतो, ती सुलोचना मागच्या दारानं घरात आली व्हती,” अण्णा म्हणाले. “तवा घरातलंच मत फुटलंय. नारळावर हात ठेवायचा आनि सांगायचं, मी मत घरालाच दिलं. एकेकानं.”

आम्ही ओळीनं बसलो होतो. अण्णांनी स्वतः आधी हात ठेवला. मग आईनं ठेवला, अण्णांकडे बघत. मग दादा, मग वहिनी. पाट फरशीवरून सरकल्याचा आवाज प्रत्येक वेळी व्हायचा. पुढे काकी होती आणि तिच्यानंतर मी, शेवटची. माझ्या बोटाची चिंधी घामानं भिजली होती. नारळाला तीन डोळे असतात म्हणतात, ते तिन्ही माझ्याकडे वळलेत असं मला वाटत होतं. देवाची शपथ खोटी घेईन की खरं सांगून अण्णांच्या मनातून कायमची उतरेन, माझं काही ठरत नव्हतं. पाट काकीपुढे आला.

काकीनं हात ठेवला नाही. तिनं नारळाकडे पाहिलं, मग मान वर केली, आणि जन्मात पहिल्यांदा ती अण्णांशी सरळ बोलली. “मी हात ठेवनार नाय.”

“काय?”

“मत मागाय तुमी आला नाय, अण्णा. आता जाब मागाय कशाला आलात?”

“म्हंजे फुटलीस तू!” अण्णा ओरडले. “ज्या घरानं पोसलं त्याच घराला?” दादाही उठला, वहिनी रडायला लागली. आई मध्ये पडली, “मी मागितलं आनि तिनं दिलंय, मला ठाव हाय,” असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, पण तिचं ऐकतंय कोण? “मग हात ठेवाय काय जातंय?” अण्णा विचारत होते. काकी गप्प. अण्णांनी पाट पायानं ढकलला आणि ते ओटीवर निघून गेले. नारळ गडगडत माजघराच्या कोपऱ्यात गेला. माझ्यापर्यंत तो आलाच नाही. वाचले, असं मला वाटलं. हो, माझ्या मनात पहिला शब्द तोच आला.

दुसऱ्या दिवशी काकीनं मागच्या पडवीत तीन दगड मांडून वेगळी चूल केली. अण्णा त्यानंतर तिच्या हातचं जेवले नाहीत. शेवटच्या आजारात त्यांना बिरडं खावंसं वाटलं, तेव्हा आईनं केलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि वाटी सरकवली. कोणाच्या हातचं हवं होतं ते सगळ्यांना कळलं, पण ते नाव कोणी घेतलं नाही. मी तिथे उशाशी बसले होते. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी त्यांचे पाय चेपत राहिले.

अण्णा गेल्यानंतरच्या थंडीत मी मोहोपाड्याहून, म्हणजे सासरहून, माहेरी आले होते. काकी पडवीत वाल सोलत होती. मी शेजारी बसले, टोपलीत हात घातला आणि कोणतीही प्रस्तावना न करता सांगून टाकलं.

काकीचा अंगठा थांबला नाही. “ठाव हाय,” ती म्हणाली.

“काय ठाऊक आहे?”

“फाटकाशी बगितलं तुला. आनि बोटाला चिंधी व्हती, रगत नव्हतं. त्या दिशी विळी माज्याच हाती व्हती दिसभर.”

“मग तू हात का नाही ठेवलास? तू तर मत दिलं होतंस!”

“मी ठेवला असता, तर पाट फुडं सरकला असता ना गं,” काकी म्हणाली. “तुज्याकडं.”

ती आणखी दोन-तीन दाणे सोलेपर्यंत थांबली. “कालथा तुज्या हातात मीच दिला व्हता, बाय. माजं मत व्हावं म्हनून तुजं ऱ्हायलं.”

मी म्हणाले, चल, आत्ता जाऊन सगळ्यांना सांगू. तिनं मला जाऊ दिलं नाही. अण्णा नाहीत, आता कोणासाठी? तुझ्या आईला ठाऊक आहे मी दिलं, तेवढं पुरे. तिनं असं म्हटलं आणि मी ते लगेच मान्य केलं, कारण मला ते सोयीचं होतं. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला मी मोहोपाड्यात मत द्यायची आणि त्या आठवड्यात केव्हातरी काकीला बोट दाखवायला जायची. ती चष्मा पदरानं पुसून शाई बघायची. “लागली गं,” म्हणायची. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

आता तो निरोप. यंदा आमच्या दादाची सून प्राची त्याच वॉर्डातून उभी आहे. घरच्यांचा एक ग्रुप आहे मोबाईलवर, त्यात सकाळ-दुपार घोषणा येतात. परवा दुपारी माझ्या भाच्यानं, म्हणजे प्राचीच्या नवऱ्यानं, निलेशनं लिहिलं, ‘घरातलं एकही मत फुटता कामा नये. कोणी शांताकाकी होऊ नका.’ खाली हसरी तोंडं. त्याच्या खाली आणखी सहा-सात जणांची हसरी तोंडं. त्यातल्या निम्म्यांनी तिला पाहिलेलंही नाही. निम्मे तिच्या हातचं जेवून मोठे झालेत.

मी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं, ‘शांताकाकीनं मत घरालाच दिलं होतं. जिनं दिलं नाही ती मी.’ आणि पाठवून दिलं. पाऊण तासानं निलेशचा फोन आला.

“आत्या, हे काय लिहिलंस? खरंय का?”

“खरं आहे.”

“मग इतकी वर्षं...” तो थांबला. मागे घरातली बरीच माणसं असावीत, कोणीतरी ‘स्पीकरवर टाक’ म्हणत होतं.

“प्रचाराचा नारळ ठेवलाय का रे देव्हाऱ्यात?” मी विचारलं.

“हो. पहिल्याच दिवशी. का?”

“सगळ्यांना उद्या माजघरात बसव आणि तो खाली काढून ठेव,” मी म्हणाले. “मी येतेय. माझी पाळी राहिलीय.”